ट्रेलर घ्यायचाय, पण ठेवणार कुठे?

गुहागर तालुक्यातल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. वय ३६, चार वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर पुण्याहून सासरी गावी परत आली, दोन खोल्यांचा होमस्टे चालवते, दारात बोलेरो आणि मागे साठ हापूसची कलमं. पाहुण्यांसाठी दोन कायक, तंबू, फोल्डिंग खुर्च्या, कोळशाची शेगडी असं सामान जमवलंय आणि ते दर शनिवार-रविवार सहा किलोमीटरवरच्या खाडीवर न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. कायक टपावर दोरीने बांधतात. आंब्याच्या दिवसांत पेट्या चिपळूणला पोचवायला टेम्पोवाल्याच्या मागे लागावं लागतं. म्हणून तिला बोलेरोच्या मागे जोडायला एक छोटा ट्रेलर हवाय. ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडे जुन्या जीपच्या एक्सलवर बनवलेला एक तयार आहे, २८ हजारांना, कागद काहीच नाहीत, "गावात कोण विचारतंय" असं तो म्हणतो. नवरा म्हणतो रिव्हर्स कोण घेणार, त्यापेक्षा सेकंडहँड पिकअप घेऊ. सासरे विचारतात ठेवणार कुठे. दीर आणि भावकी म्हणते घ्या घ्या, आम्हालाही होईल. ती विचारते, ताई, घेऊ की नको? घरात सगळे विरोधात आहेत.

अगं, पहिल्यांदा ते शेवटचं वाक्य खोडून टाक. सगळे विरोधात आहेत असं तू लिहितेस पण तुझ्याच पत्रात बघ, दीर आणि भावकी तर तुझ्यापेक्षा उतावीळ आहेत (आणि खरी काळजी मला त्यांचीच वाटते, त्यावर पुढे येते), नवऱ्याला गाडी नकोय असं नाही, त्याला रिव्हर्सची भीती आहे, आणि सासऱ्यांनी तर नुसता एक प्रश्न विचारलाय. ठेवणार कुठे. यात विरोध कुठे आला? मला विचारशील तर तुझ्या घरात सगळ्यात नेमकं त्यांनीच विचारलंय.

कारण तू पत्रात अगदी हिशोब मांडलायस की ट्रेलर किती वेळा धावेल. आंब्याच्या पंधरा फेऱ्या, ऑक्टोबर ते मे शनिवार-रविवार खाडी, मधेच कधी सिमेंट, कधी रोपं, कधी गादीवाल्याकडच्या गाद्या. मी सगळं धरून मोजलं तर वर्षाला ऐंशी-नव्वद दिवस होतात. म्हणजे उरलेले पावणेतीनशे दिवस तो उभा असणार. त्यातले चार महिने आपल्या पावसात, आणि आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो तो काय पुण्याचा पाऊस नाही. वर खारा वारा. बैल उभा असला तरी खातो म्हणून लोक बैलाला नावं ठेवायचे, ट्रेलर खात नाही पण त्याला गंज खातो. तेव्हा धावायचे दिवस मोजलेस तसे उभं राहायचे दिवसही मोज, आणि ते कुठे जाणार ते सासऱ्यांबरोबर खळ्यात उभं राहून ठरव. खळ्यात कोकमं वाळत घालतात, भात झोडतात, गणपतीला माणसं बसतात. मांगराच्या (सामानाच्या खोपटाच्या) कडेला एक पाखी, म्हणजे उतरतं छप्पर, काढून पत्रे टाकता येतील का, गाडी तिथपर्यंत मागे जाईल का, हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आता सामानाकडे येऊ. तू तिन्ही कामं एका ट्रेलरवर टाकलीस पण ती तीन वेगळी कामं आहेत गं.

कायक हलकी असते आणि लांब असते. एकट्याची सिट-ऑन-टॉप साधारण २०-२५ किलो, दोघांची ३०-३५ च्या आसपास. त्याला वजनदार ट्रेलर नको, लांब दांड्याचा हवा, नाहीतर वळणावर कायकचं टोक गाडीच्या मागच्या काचेत. पण त्याआधी एक साधं विचारते, तुम्ही कायक दर वेळी घरी का आणता? खाडीवर कुणाची वाडी असेल, कुणाचा जाळी ठेवायचा मांगर असेल, तिथे महिन्याला काहीतरी देऊन मोसमभर ठेवल्या, साखळी-कुलूप लावलं, तर तुझा अर्धा ट्रेलर आत्ताच गळून पडतो. खुर्च्या-शेगडी काय बोलेरोच्या मागे मावतात. चोरीची भीती असेल तर ती खरी आहे पण ती आधी तपासून बघ, नुसती धरून चालू नकोस. (आणि पाहुण्यांकडून पैसे घेऊन कायकिंग करवत असशील तर मेरिटाइम बोर्डाची परवानगी हा वेगळा विषय आहे, तो टाळू नकोस.)

आंब्याचं उलटं. आंबा जड आणि नाजूक. पाच डझनाची पेटी धर, साठ फळं, फळ पाव किलोचं म्हटलं तरी १५ किलो, वर लाकूड आणि पेंढा, म्हणजे पेटी वीसच्या घरात. आता आपल्याकडे सगळ्यात छोट्या ट्रेलरचा जो वर्ग आहे, टी-१, त्याची मर्यादा ७५० किलो आणि ती मालाची नाही, ट्रेलरसकट आहे. ट्रेलर स्वतः दोन-अडीचशे किलोचा असेल तर माल राहिला ५००, म्हणजे पंचवीस पेट्या. तू लिहिलंयस चाळीस-पन्नास पेट्या एका खेपेला जातात. तर त्या एका खेपेच्या दोन होणार, किंवा तुम्ही एका खेपेतच भरणार, आणि मला आपली माणसं माहिती आहेत, एका खेपेतच भरणार. शिवाय ट्रेलर उडतो, त्याचे कमानपाटे (स्प्रिंगा) कडक असतात, चिपळूणपर्यंत ४५ किलोमीटर खड्ड्यांतून गेल्यावर खालच्या थरातला आंबा मार खाल्लेला निघतो. आंब्याला टेम्पोच बरा. त्या पंधरा फेऱ्या छोट्या हत्तीवाल्याला आधीच, शिमग्याच्या सुमारास, थोडा अॅडव्हान्स देऊन बांधून टाक. तुम्ही ऐन मे महिन्यात फोन करता म्हणून तो मिळत नाही.

आणि चिरे-वाळू-सिमेंटचं तर नावच काढू नकोस. जांभ्याचा एक चिरा पंचवीस-तीस किलो तरी भरतो. वीस चिरे म्हणजे अर्धा टन, आणि वीस चिऱ्यांत गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, एक कोपराही होत नाही. ज्याचे चिरे तोच पोच करतो आपल्याकडे, त्याला करू दे.

मग राहिलं काय? खरं सांगायचं तर पत्राच्या मध्यात तू एक ओळ लिहून पुढे निघून गेलीस. "मला कुणाच्या टेम्पोची वाट न बघता माझं मी निघता यायला हवंय." ती ओळ मी तीनदा वाचली. हे कारण हिशोबात बसत नाही म्हणून तू त्याच्यावर आंबे आणि कायक रचलेस असं मला वाटतं. तर ते कारण पुरेसं आहे. पण मग त्या कारणासाठी जेवढा ट्रेलर लागतो तेवढाच घे, सगळ्या गावाचं ओझं ओढणारा नको.

वेल्डिंगवाल्याचा मात्र नको. इथे मी काही दोन्ही बाजू बघणार नाहीये. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतःच एक मोटार वाहन धरलंय. त्याचं वेगळं रजिस्ट्रेशन, स्वतःचा नंबर, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही मागे ट्रेलरवर दिसायला हवा. रजिस्ट्रेशनला विक्रीचं सर्टिफिकेट आणि बनवणाऱ्याने दिलेलं रोडवर्दी असल्याचं सर्टिफिकेट लागतं, म्हणजे फॉर्म २१ आणि फॉर्म २२, आणि हे तुझा वेल्डिंगवाला देऊ शकत नाही, तो कितीही चांगला माणूस असला तरी. "गावात कोण विचारतंय" हे खरंय, गावात कुणी विचारत नाही. शृंगारतळीच्या बाजारात ट्रेलर कुणाच्या स्कूटरला घासला की मग सगळे विचारतात. पोलीस पावती फाडतील ते सोड, इन्शुरन्सवाला काय म्हणेल ते बघ. कागद नसलेला ट्रेलर मागे लावून अपघात झाला तर बोलेरोचा क्लेमसुद्धा वादात अडकू शकतो आणि समोरच्याची भरपाई तुमच्या हापूसच्या कलमांवर येऊ शकते. २८ हजारांत तू लोखंड घेतेस आणि जोखीम फुकट येते. घेशील तो रजिस्टर होणारा घे, एमएच ०८ चा नंबर पाडून घे, आणि त्याचा थर्ड पार्टी इन्शुरन्स कसा धरणार हे बोलेरोच्या इन्शुरन्सवाल्याकडून लेखी घे. तोंडी "हो हो चालतं" नको.

पिकअपचं म्हणशील तर नवऱ्याचं अगदीच चूक नाही. पण पिकअप म्हणजे दुसरं इंजिन, दुसरा टॅक्स, दुसरा सर्व्हिसिंगचा खर्च, आणि पिवळी प्लेट, फिटनेस. तुम्ही आंब्याबरोबर दुसऱ्यांचीही वाहतूक करणार असाल तर पिकअप. घरचंच सामान असेल तर ऐंशी दिवसांसाठी इंजिन पाळू नये असं माझं मत. आणि ट्रेलर भाड्याने द्यायचा विचार मनात आला असेल तर पांढऱ्या प्लेटवर ते चालत नाही, तोही तिथेच थांबव.

आता ओढायचं कसं, कारण ट्रेलर म्हणजे गाडा, त्यात बिघडण्यासारखं काय, असं तुझा नवरा म्हणतो असं तू लिहिलंस, आणि तिथेच लोक फसतात.

हूक आधी. बोलेरोला खाली लॅडर चासी, म्हणजे शिडीसारखा वेगळा लोखंडी सांगाडा, आहे ते चांगलं, हूक चासीला बोल्ट झाला पाहिजे, बंपरला नाही. (ज्या वाचकांकडे मोनोकॉक, म्हणजे असा वेगळा सांगाडा नसलेल्या, गाड्या आहेत, आजकालच्या बहुतेक छोट्या एसयूव्ही तशाच आहेत, त्यांनी मॅन्युअलात टोइंगचा आकडा दिलाय का बघा, बऱ्याचदा दिलेलाच नसतो, मग कंपनीला विचारल्याशिवाय हूक ठोकू नका.) हुकावरचा बॉल ५० मिलिमीटरचा आणि दोन इंचाचा, म्हणजे ५०.८ चा, असे दोन मिळतात, दिसायला सारखेच, आणि एकाचा कप्लर (ट्रेलरच्या दांड्याचं बॉलवर बसणारं टोक) दुसऱ्यावर बसल्यासारखा वाटतो. वाटतो. ०.८ मिलिमीटर म्हणजे किती असं म्हणू नकोस, खड्ड्यात उडी मारली की तेवढ्यात निसटतो. बॉलवर आकडा कोरलेला असतो, कप्लरवरही असतो, दोन्ही जुळव. सेफ्टी चेन दोन हव्यात आणि दांड्याखालून फुली मारून लावायच्या, म्हणजे कप्लर सुटलाच तर दांडा त्या फुलीत पडतो, रस्त्यात रुतत नाही.

भरताना जड सामान चाकाच्या थोडं पुढे. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हुकावर यायला हवं. ५०० किलो भरलेला असेल तर दांड्याच्या टोकाला ५० ते ७५. घरातला वजनकाटा एका चिऱ्यावर ठेव आणि दांडा आडवा राहील अशा उंचीवर त्यावर टेकव, कळेल. मागे जड झालं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, डावीकडे उजवीकडे, आणि ते गाडीला ओढतं. तेव्हा जोरात ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंगही फिरवत बसायचं नाही, अॅक्सिलेटर सोडायचा, सरळ धरून ठेवायचं, वेग उतरला की तो आपोआप शांत होतो. मग बाजूला घेऊन सामान पुढे सरकवायचं. उतारावर, एवढ्या छोट्या ट्रेलरला सहसा स्वतःचा ब्रेक नसतो हे लक्षात ठेव, मागचं सगळं वजन बोलेरोच्या ब्रेकवर येतं, म्हणून ज्या गियरमध्ये चढली असतीस त्याच गियरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून परशुराम घाट उतरणाऱ्यांचा वास आपल्याला मागून येतो तसं करायचं नाही.

रिव्हर्स. हा तुमच्या घरातला खरा प्रश्न आणि गंमत म्हणजे हाच सगळ्यात लवकर सुटतो. स्टिअरिंग खालून धर, सहा वाजता काटा असतो तिथे. ट्रेलरचा मागचा भाग डावीकडे न्यायचाय तर हात डावीकडे, उजवीकडे न्यायचाय तर हात उजवीकडे. एवढंच. हळू, आणि थोडं थोडं. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा पटकन मुडपतो, म्हणजे गाडीशी कोन करून दुमडतो, त्यामुळे मुडपायला लागला की हट्ट करायचा नाही, पुढे घ्यायचं, सरळ करायचं, पुन्हा. शाळेच्या मैदानात रविवारी दोन तास तुम्ही दोघांनी करा, दोघांनी म्हणतेय मी, नाहीतर "तुला जमणार नाही, सर" सुरू होतं. फेरीबोटीवर त्या हात करणाऱ्याने मागे घ्यायला लावलं आणि ओहोटी लागून रॅम्प उभा झालेला असला की कोण शिकलंय ते कळतं. आणि छोट्या रिकाम्या ट्रेलरची एक सोय आहे जी पिकअपला नाही, दोन्ही बाजूंनी गडगा असलेल्या पाणंदीत अडकलीस तर हूक काढायचा, पुढचं छोटं चाक खाली करायचं, आणि दोघांनी हाताने फिरवायचा. लाज वाटायचं कारण नाही.

खाऱ्या पाण्याचं थोडं सविस्तर सांगते कारण इथे माझा स्वतःचा भाऊ पोळलाय. दापोलीकडे असतो, छोटी होडी आहे त्याची, ती उतरवायला तो ट्रेलर सरळ खाडीत मागे घ्यायचा, चाकं हबपर्यंत (बेअरिंग असतं त्या मधल्या भागापर्यंत) पाण्यात. रस्त्याने आल्यावर हब तापलेला असतो, तो गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सील थोडं जरी सैल असलं तरी खारं पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधासारखं पांढरं होतं. महिन्याभराने घरी येताना एक चाक डगमगायला लागलं, उतरून बघतो तर हबला हात लावता येईना, बेअरिंगचा चुरा. रात्री नऊ वाजता, होडीसकट, रस्त्याच्या कडेला. तुझी कायक दोघं उचलून नेऊ शकता, तेव्हा तुझा ट्रेलर पाण्याला टेकायलाच नको. वाळूतही नको. तरी वाऱ्यातलं मीठ बसतंच, म्हणून आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुवायचा, कमानपाटे आणि एक्सल विशेष, आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, बेअरिंग काढून ग्रीस बदलायचं. रंगवलेल्यापेक्षा हॉट डिप गॅल्वनाइझ केलेला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला, घे, महाग पडतो पण आपल्या किनाऱ्यावर रंग दोन पावसांत सोलतो. चौकोनी पाइपचा सांगाडा असेल तर त्याला खाली पाणी निघायला भोकं आहेत का बघ, नसतील तर तो आतून सडतो आणि बाहेरून चकचकीत दिसतो.

चाकं जमली तर बोलेरोच्याच मापाची आणि त्याच बोल्टांची घे, म्हणजे एक स्टेपनी दोघांना चालते. लाइटचा सात पिनांचा सॉकेट मिठाने हिरवा पडतो, त्याला झाकण आणि थोडं ग्रीस, आणि निघताना दर वेळी एकाने मागे उभं राहून ब्रेक आणि इंडिकेटर बघायचे. जूनमध्ये ट्रेलर चिऱ्यांवर उचलून ठेव, टायर जमिनीला नको. ताडपत्री गच्च गुंडाळू नकोस, आत दमट राहतं, वरून पत्रा आणि बाजूने वारा हवा. वायर उंदरांपासून सांभाळ.

आता भावकी. "घ्या घ्या आम्हालाही होईल" हे वाक्य किती गोड वाटतं ना. दिवाळीत कुणाचा तरी फ्रिज, तुळशीच्या लग्नाला मंडपाचे बांबू, मग शेणखत, मग चिरे. परत येतो तेव्हा एक लाइट फुटलेला असतो आणि कुणालाच माहिती नसतं. नाही म्हणता येत नाही हे मला माहितीये, सुनेला तर अजिबात नाही. म्हणून नाही म्हणूच नकोस, नियम आधी सांग. ट्रेलर आमच्या गाडीबरोबर आणि आमच्या ड्रायव्हरबरोबर जाईल, एकटा जाणार नाही, डिझेल तुमचं. आणि हे तू सांगू नकोस, सासऱ्यांना सांगायला लाव, ट्रेलर घरी यायच्या आधी, इन्शुरन्सचं कारण देऊन, ते कारण खरंच आहे. दुसरा नियम याहून कडक, ट्रेलरमध्ये माणूस बसणार नाही. विसर्जनाला नाही, शिमग्याला नाही, पोरं पन्नास मीटर म्हणाली तरी नाही. हूक सुटला तर आत बसलेल्याला धरायलासुद्धा काही नसतं.

तर यंदाचं असं कर. कायक खाडीवर ठेवायची जागा बघ, आंब्याला टेम्पो आधी बांध, आणि एका वहीत लिहीत जा, कुठल्या दिवशी ट्रेलर नव्हता म्हणून अडलं आणि त्या दिवशी काय न्यायचं होतं. मेअखेर घेऊ नकोस, घेतलास की चार महिने पावसात उभा. दसऱ्यानंतर वही उघड. आठ-दहा दिवस जरी मनापासून अडलेले निघाले तरी घे, मी अडवणार नाही, पण लहान, गॅल्वनाइझ केलेला आणि कागदांचा. दोन-तीन दिवसच निघाले तर टपावर चांगला रॅक आणि रॅचेटचे पट्टे घे, दोरी सोड.

आणि फाटक मोज. ट्रेलर चाकांसकट बोलेरोपेक्षा रुंद असू शकतो. आमच्या भावाचा पहिल्यांदा घरी आला तेव्हा चार इंचांनी अडला, आणि वडिलांनी हातात पहार घेऊन स्वतः बांधलेला गडगा स्वतःच काढला, वर तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत.